खरे वजन

परोपकारासाठी पैसा उभा करावयाचा असला म्हणजे तो नुसते हात पसरून मागावा, की लोकांना एकत्र बोलावून, खेळवून, चार घास खाऊ घालून मिळवावा, असा प्रश्न कोणत्याही गावच्या मंडळींपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. चर्चचे छप्पर गळू लागले, शाळेला एखादी खोली कमी पडू लागली, किंवा एखाद्या घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला, की आपल्याकडेही सोडतीची तिकिटे छापली जातात, खाण्याच्या जिनसांची दुकाने मांडली जातात, मुलांच्या शर्यती लावल्या जातात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी अशी तिकिटे विकत घेतली असतील आणि कित्येकांनी ती दारोदार फिरून खपविलीही असतील. म्हणूनच सातासमुद्रांपलीकडे भरणाऱ्या अशाच एका प्रकारच्या मेळ्याची हकीकत आज त्यांच्यापुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. हा मेळा भरतो सरोवरावर, आणि त्याचा मानकरी असतो एक मासा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग आणि त्यास लागून असलेला कॅनडाचा दक्षिण भाग हा सरोवरांचा मुलूख आहे. पाच महासरोवरे तेथेच आहेत, आणि मिनेसोटा नावाचे राज्य तर दहा हजार सरोवरांचे राज्य म्हणूनच ओळखले जाते. या गोड्या पाण्यात वॉलाय नावाचा मासा राहतो. अंगाने सोनेरी-हिरवट, पोटाशी पांढुरका, शेपटीच्या खालच्या टोकास पांढरा ठिपका आणि तोंडात तीक्ष्ण दात, असे त्याचे रूप आहे. परंतु त्याची खरी ओळख म्हणजे त्याचे डोळे. मांजराच्या किंवा गाईच्या डोळ्यांवर रात्री कंदिलाचा उजेड पडला म्हणजे ते कसे चमकतात, हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको. वॉलायच्या डोळ्यांतही तसाच उजेड परतविणारा पडदा असतो. त्यामुळे दिवेलागणीस, पहाटे, किंवा ढगाळ दिवशी वाऱ्याने पाणी हलत असता, इतर मासे चाचपडत असतात तेव्हा यास स्वच्छ दिसते आणि तो शिकारीस निघतो. त्याच्या मागावर निघणाऱ्या माणसासही साहजिकच तीच वेळ साधावी लागते.

वसंत ऋतूत बर्फ वितळले की हे मासे उथळ, खडकाळ जागी येऊन रात्री अंडी घालतात. मोठी मादी एका हंगामात काही लाख अंडी सोडते. परंतु ती घरटे करीत नाही की पिल्लांची राखण करीत नाही. वारा, थंडी आणि इतर मासे यांच्या तावडीतून जी अंडी वाचतील तेवढीच. म्हणून एखादे वर्ष सुबत्तेचे, तर पुढची कित्येक वर्षे बेताची, असा या माशाचा हिशेब असतो. चवीला तो सौम्य व कमी काट्यांचा असल्यामुळे घरोघर आवडीने खाल्ला जातो. महासरोवरांच्या काठच्या गावांत उपवासकाळातील शुक्रवारी धर्मग्रामाच्या सभागृहात तळलेल्या माशांचे जेवण ठेवण्याची जुनी चाल आहे. लहानथोर सर्व एका छपराखाली जेवतात, आणि जेवणाचे पैसे धर्मग्रामाच्या किंवा शाळेच्या कामी येतात. अशा प्रदेशात मासे धरण्याच्या स्पर्धेतून दानधर्म व्हावा, यात नवल ते काय?

या कौटुंबिक स्पर्धांची रीत साधारणतः एकसारखीच असते. गावातील एखादे सेवाभावी मंडळ पुढाकार घेते, लागेल तेथे राज्याच्या मत्स्यखात्याची परवानगी काढते आणि उन्हाळ्यातील एखादा शनिवार मुक्रर करते. प्रत्येक बोटीमागे दोन-चार जणांचा संच असतो व त्याचे प्रवेशशुल्क ठरलेले असते. शुल्काचा काही भाग बक्षिसांस जातो आणि उरलेला ज्या कामासाठी स्पर्धा भरविली त्या कामास. म्हणजे कोठे आजारी मुलांच्या औषधपाण्यास, कोठे माजी सैनिकांस, कोठे अन्नछत्रास. गावचे दुकानदार आपापल्या परीने वस्तू देतात, त्यांची सोडत निघते आणि त्या पैशांचीही निधीत भर पडते. ज्यांची स्वतःची बोट आहे असे लोक पुष्कळदा दिवसभरासाठी ती एखाद्या अपंग मुलासाठी किंवा वृद्ध सैनिकासाठी मोकळी ठेवतात आणि स्वतः नावाड्याचे काम करतात. रोख वर्गणीपेक्षा हे दान आम्हांस अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात देणारा आपला दिवसच देतो.

उजाडता उजाडता बोटी निघतात. लहान मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज बोट धक्क्यावरून हलत नाही. ओहायो आणि मिनेसोटा या दोन्ही राज्यांत दहा वर्षांखालील मुलांसाठी तसा कायदाच आहे. तपशिलात थोडाफार फरक असेल तेवढाच. सोळा वर्षांखालील मुलांस मात्र मासे धरण्याचा परवाना लागत नाही, ही तेथील सरकारची चांगली सोय म्हटली पाहिजे. गळास गांडूळ, जळू किंवा लहान मासळी लावावयाची, दोरी सोडावयाची आणि वाट पाहत बसावयाचे. कोकणात व गोव्यात गरी घेऊन खाडीकाठी गरवावयास बसणाऱ्या आमच्या वाचकांस त्या वाट पाहण्याची गोडी ठाऊक आहे. आजोबा, बाप आणि नातू एका फळीवर तासन् तास शेजारी बसतात, अशी कामे आजच्या धावपळीच्या जगात फारशी उरलेली नाहीत. दुपारी बोटी परत येतात. धक्क्यावर तराजू टांगलेला असतो, भोवती बायकामुलांची दाटी झालेली असते, आणि प्रत्येक संचाच्या माशांचे वजन मोठ्याने पुकारले जाते. मुलांचा वर्ग बहुधा निराळा असतो व एकही मूल रिकाम्या हाताने घरी जाणार नाही, अशी खबरदारी घेतली जाते.

असा मेळा केवढा वाढू शकतो याचे एक उदाहरण मिनेसोटातील ब्रेनर्ड गावाजवळ पाहावयास मिळते. तेथील जेसीज मंडळाने १९९१ साली गल सरोवरावर हिवाळी स्पर्धा सुरू केली. जानेवारीच्या अखेरीस सरोवर गोठलेले असते. स्वयंसेवक त्या बर्फात हजारो भोके आधीच पाडून ठेवतात, आणि ठरलेल्या तीन तासांत हजारो माणसे त्यांत गळ सोडून बसतात. पुढे पुढे ही संख्या दहा हजारांच्या वर गेली. वॉलाय असो की दुसरा कोणता मासा असो, वजनात जो भारी त्यास बक्षीस. या मेळ्याच्या उत्पन्नाचा मोठा लाभ गल सरोवराच्या परिसरातील एका शिबिरास मिळत आला आहे. ज्यांची बौद्धिक वाढ इतरांप्रमाणे झालेली नाही अशा मुलामाणसांस मोकळ्या हवेत राहण्याची, खेळण्याची व शिकण्याची सोय तेथे केलेली आहे. २०२४ च्या हिवाळ्यात थंडी इतकी कमी पडली की गल सरोवरावर पुरेसा जाड बर्फच धरला नाही, आणि त्या वर्षी मेळा नेहमीप्रमाणे तेथे भरविता आला नाही. माणसाने कितीही बेत केले तरी सरोवर आपल्या मर्जीने वागते, हे यावरून ध्यानात यावे.

येथवर सर्व सुरळीत आहे. परंतु ज्या तराजूभोवती मुले टाळ्या पिटतात त्या तराजूचीच फसवणूक झाली तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. तो ईरी सरोवराच्या काठी प्रत्यक्ष उपस्थित झाला. तो समजण्यासाठी आधी त्या सरोवराची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे.

ईरी हे पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ सरोवर होय. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ सातपट. परंतु सरासरी खोली अवघी १९ मीटर. पाणी उथळ व त्यामुळे उबदार, म्हणून त्यात माशांची पैदास मोठी. आणि उथळ म्हणूनच काठच्या शहरांची घाण त्यास लवकर बाधली. कारखान्यांचे सांडपाणी, गटारे, साबणाच्या भुकटीतील व शेतातील खतांतील स्फुरद या साऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात पाण्यावर शेवाळाचे थर चढले आणि तळाशी माशांस श्वास घेण्यापुरता प्राणवायू उरेना. ईरी सरोवर मेले, असे वर्तमानपत्रे उघड लिहू लागली. १९६९ साली क्लीव्हलंड शहरातून सरोवरास मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगास चक्क आग लागली. १९७० साली वॉलायच्या मांसात पारा सापडला आणि सरोवराच्या पश्चिम भागात तो धरण्यावर बंदी घालणे भाग पडले. वॉलायचाच एक निळसर सोयरा, ज्यास तेथील लोक निळा पाइक म्हणत, तो तर पार नाहीसा झाला. १९८३ साली तो नामशेष झाल्याचे सरकारी दप्तरात नोंदले गेले. एके काळी ज्याचे जाळेच्या जाळे भरून निघे, तो मासा आज चित्रातच पाहावा लागतो.

वॉलाय वाचला. त्याची कारणे अनेक आहेत. १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेविषयी करार केला, सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली आणि साबणातील स्फुरदावर निर्बंध आले. परंतु त्यांतील एक कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. काठावरील चार अमेरिकन राज्ये आणि कॅनडाचा आँटेरिओ प्रांत यांचे अधिकारी दरवर्षी एकत्र बसतात, सरोवरात मासे किती आहेत याचा अंदाज घेतात, आणि त्या वर्षी किती धरावयाचे हे त्यावरून ठरवितात. ओहायोत एका माणसाने एका दिवसात सहा वॉलाय धरावे, आणि तेही निदान १५ इंच लांबीचे, असा नियम आहे. २०१५ व २०१८ या वर्षी पिल्लांची पैदास भरपूर झाली, आणि आज ईरी हे वॉलायसाठी जगातील उत्तम सरोवरांपैकी एक गणले जाते. रोग समूळ गेला आहे असे नव्हे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडो शहरातील सुमारे चार लाख लोकांस नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले होते. तरी मेलेले म्हणून ज्यावर पाणी सोडले होते ते सरोवर पुन्हा माशांनी भरले, ही लहानसहान गोष्ट नाही. ते घडले ते प्रामाणिक मोजणीमुळे. ज्याने जेवढे धरले तेवढेच सांगितले, म्हणून किती उरले हे कळले. आणि किती उरले हे कळले, म्हणूनच ते वाचविता आले.

याच सरोवराच्या काठी, क्लीव्हलंड येथे, ३० सप्टेंबर २०२२ रोजी एका मोठ्या वॉलाय स्पर्धामालिकेचा अखेरचा दिवस होता. ती धर्मादाय स्पर्धा नव्हती. रोख बक्षिसांची होती, आणि पहिल्या क्रमांकास २८ हजारांहून अधिक डॉलर मिळावयाचे होते. एका संचाच्या पाच माशांचे वजन ३४ पौंडांच्या जवळ भरले. पाहणाऱ्या जाणत्यांच्या नजरेस ते मासे मिळून वीसेक पौंडांचे वाटत होते. स्पर्धेच्या संचालकांनी मासा हातात घेऊन चाचपला, त्यास पोटात काही कठीण लागले, आणि त्यांनी सर्वांसमक्ष तो चिरला. आत शिशाचे गोळे निघाले! पाचही माशांत मिळून असे दहा गोळे, आणि वर भर म्हणून दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडे कोंबलेले. जमलेल्या लोकांचा संताप इतका अनावर झाला की अपराध्यांस मार बसू नये म्हणून संचालकांनाच मध्ये पडून जमावास आवरावे लागले.

प्रकरण न्यायालयात गेले. २०२३ च्या मार्चमध्ये दोघांनी अपराध कबूल केला, आणि मे महिन्यात त्यांस दहा दिवसांचा तुरुंगवास, दीड वर्षाची देखरेख व प्रत्येकी अडीच हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्यांची बोट सरकारजमा झाली व मासे धरण्याचा परवाना तीन वर्षांसाठी गेला. मासे धरण्याच्या खेळात तुरुंगवास! हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु न्यायाधीशांनी दंडासंबंधी जी सवलत ठेवली ती आम्हांस फार बोलकी वाटते. मुलांस मासे धरण्यास शिकविणाऱ्या एखाद्या सेवाभावी संस्थेस देणगी दिल्यास निम्मा दंड माफ व्हावा, असे त्यांनी ठरविले. ज्या खेळास बट्टा लावला त्याच खेळाच्या धाकट्या पिढीस भरपाई द्यावी, यापेक्षा उचित प्रायश्चित्त कोणते?

आता कोणी म्हणेल की ते पैशांच्या लोभाचे प्रकरण होते. धर्मादाय स्पर्धेत असे कोण करील? हे बोलणे आम्हांस पुरते पटत नाही. लोभ बक्षिसाच्या रकमेबरोबर वाढतो हे खरे, आणि म्हणूनच शहाणी मंडळे आपल्या कौटुंबिक स्पर्धेतील बक्षिसे बेताची ठेवतात. पण नावाचा लोभ, शेजाऱ्यापेक्षा वरचढ ठरण्याचा लोभ, हा रकमेवर अवलंबून नसतो. शिवाय धर्मादाय कार्यात फसवणूक झाली तर नुकसान अधिक खोल जाते. रोख बक्षिसाच्या स्पर्धेत फसतो तो दुसरा स्पर्धक. दानाच्या स्पर्धेत फसतो तो आजारी मुलाचा बाप. कारण पुढच्या वर्षी तिकिटाचे पुस्तक घेऊन दाराशी आलेल्या मुलास लोक म्हणतात, "गेल्या वर्षी काय झाले ते आम्ही ऐकले आहे," आणि दार लावून घेतात. त्या मुलाचा तर यात काहीच अपराध नसतो.

म्हणून चांगली मंडळे कोणावर संशय न घेताही चोख व्यवस्था ठेवतात. वजन आडोशास होत नाही, भर चौकात होते. मोठ्या स्पर्धांतून विजेत्या माशांची पोटे तपासतात व विजेत्यांची सत्यशोधक यंत्रावर परीक्षाही घेतात. कित्येक ठिकाणी आता मासा किनाऱ्यावर आणीतच नाहीत. बोटीतच आखीव फळीवर ठेवून, त्या दिवसाची खूण शेजारी ठेवून त्याचे छायाचित्र घेतात आणि त्यास लगेच पाण्यात सोडतात. यात माशाचेही कल्याण आहे. खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या वॉलायचे वाताशय फुगते, आणि तासभर टाकीत राहून मग सोडलेला मासा पुष्कळदा जगत नाही. ज्या सरोवराने दिवसभर आनंद दिला त्याचे तेवढे तरी देणे फेडावयास नको काय? शेवटी मंडळ आपला जमाखर्च वर्तमानपत्रात किंवा सूचनाफलकावर लावते: शुल्क किती आले, सोडतीचे किती आले, बक्षिसांस किती गेले, कार्यास किती दिले. जेथे असा कागद लागतो तेथे दुसऱ्या वर्षी लोक न बोलावता येतात.

आपल्या गावी वॉलाय नाही आणि गोठलेले सरोवरही नाही. परंतु सोडतीची पुस्तके आहेत, वर्गणीच्या वह्या आहेत, आणि सणाच्या दिवशी मांडलेली दुकाने आहेत. न खपलेली तिकिटे सर्वांसमक्ष मोजून बाजूला ठेवावी. चिठ्ठी उचलण्याचे काम एखाद्या लहान मुलाकडून, उघड्या जागी करवावे. आणि हिशेबाचा कागद पुढच्याच रविवारी फलकावर लावावा. यात कोणाच्या सचोटीवर अविश्वास दाखविला असे मानण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणसास चोख हिशेब हीच ढाल असते. तो नसला म्हणजे गावात कुजबुज सुरू होते, आणि तिचा पहिला घाव ज्याने सर्वांत अधिक राबून काम केले त्यावरच पडतो.

आईबापांस एक सांगावेसे वाटते. मुलांस खेळांत भाग घेऊ द्या, गरी घेऊन ओढ्याकाठी बसू द्या, दानाच्या कामी तिकिटे खपवू द्या. पण मूल चार बोटांची मासळी घेऊन घरी आले आणि ती वीतभर होती असे सांगू लागले, तर नुसते हसून सोडून देऊ नका. घरातील मोजपट्टी त्याच्या हाती द्या, मासळी तिच्यावर ठेवावयास सांगा, आणि आकडा त्यास स्वतः मोठ्याने वाचू द्या. चार बोटांची मासळी चार बोटांची म्हणून सांगितली तरी घरात तिचे कौतुक होते, हे त्यास तेथेच कळू द्या. मग रात्री ती आवडीने तळून त्याच्या पानात वाढा.